भट्टीवरचा ‘ई-१’ आणि किटकॅटमधला फेज

संक्रांतीला पाच दिवस उरले असताना, रात्री सव्वानऊच्या सुमारास, मातीची भांडी भाजण्याच्या माझ्या विजेच्या भट्टीच्या कंट्रोलरवरचा तापमानाचा आकडा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी ‘ई-१’ ही अक्षरे लुकलुकू लागली. मी पाहिलेला शेवटचा आकडा ११४६ अंश सेल्सिअसचा होता आणि जायचे होते १२२० पर्यंत. भट्टीत ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) दिलेल्या ३६ लहान वाट्या होत्या. हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटण्यासाठी त्या एका बाईंनी सांगितल्या होत्या. (सुगडांच्या बाबतीत मी सोलापूरच्या कुंभार वेशीतल्या मंडळींच्या वाटेला जात नाही, त्यांचा आवा एका रात्रीत जेवढी सुगडे भाजतो, तेवढी माझी भट्टी महिनाभरातही भाजणार नाही.)

कंट्रोलरबरोबर आलेल्या पुस्तिकेत ई-१ समोर एकच ओळ होती. तापमान अपेक्षेप्रमाणे वाढत नाही, थर्मोकपल (तापमान टिपणारी तारांची जोडी), कॉइल (भट्टी तापवणाऱ्या तारा) आणि रिले (कॉइलची वीज चालू-बंद करणारा स्विच) तपासावेत, असे तीत म्हटले होते. या तिन्हींपैकी थर्मोकपल सर्वांत स्वस्त आणि बदलायला सर्वांत सोपा असल्यामुळे दुसऱ्या दिवशी मी तोच बदलला, सायंकाळच्या आत भट्टी पुन्हा लावली, आणि रात्री जवळपास त्याच वेळी, जवळपास त्याच तापमानाला, तीच अक्षरे पुन्हा समोर आली. चांगला थर्मोकपल काढून टाकल्याचे दुःख होतेच, पण त्याहून अधिक राग होता तो आपण का बदलतो आहोत हे माहीत नसताना काहीतरी बदलल्याचा.

त्यानंतरच्या वर्षांत माझ्या भट्टीने जवळपास सगळे कोड एकदा तरी दाखवले आहेत, आणि प्रत्येक वेळी मला एकाच चुकीपासून स्वतःला परावृत्त करावे लागले आहे. कोड हे बिघाडाचे नाव आहे, असे समजण्याची ती चूक. कंट्रोलरला बिघाड दिसत नाही. त्याला दिसतात त्या दोन तारांमधून येणारे काही मिलिव्होल्ट, आणि त्या मिलिव्होल्टांविषयीची तक्रार तो दोन अक्षरांत मांडतो. तक्रारीमागचे कारण भट्टीत, पॅनेलमध्ये, मीटरच्या बोर्डावर किंवा रस्त्यावरच्या डीपीमध्ये, कुठेही असू शकते.

हे दिसणे म्हणजे नेमके काय, ते आधी सांगते. दोन वेगळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडून ते टोक तापवले, तर मोकळ्या टोकांमध्ये अत्यल्प व्होल्टेज निर्माण होते, हे सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८२१ मधल्या प्रयोगांपासून माहीत आहे. आपल्या भट्ट्यांत बहुधा ‘के’ प्रकारचा थर्मोकपल असतो, म्हणजे एक तार क्रोमेलची आणि दुसरी अॅल्युमेलची. त्याच्याकडून १००० अंशांना सुमारे ४१.३ मिलिव्होल्ट आणि १२०० अंशांना सुमारे ४८.८ मिलिव्होल्ट मिळतात. प्लॅटिनमचा ‘एस’ प्रकार अधिक टिकाऊ असला, तरी १२०० अंशांना तो जेमतेम १२ मिलिव्होल्ट देतो, आणि त्याची किंमत ऐकल्यावर आपला ‘के’च बरा वाटतो. हे आकडे मोकळी टोके शून्य अंशांना आहेत असे धरून काढलेले असतात. प्रत्यक्षात ती टोके कंट्रोलरच्या मागच्या स्क्रूंवर, म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात ४२-४३ अंशांना असतात. म्हणून कंट्रोलर स्वतःच्या स्क्रूंचे तापमान एका लहानशा सेन्सरने मोजतो आणि तेवढी भर घालून आकडा दाखवतो. ही भर पुढे एका बिघाडात फार महत्त्वाची ठरली.

दुसऱ्या बाजूने कंट्रोलर रिलेला किंवा कॉन्टॅक्टरला (म्हणजे मोठ्या रिलेला) ‘चालू हो’ एवढाच हुकूम देतो. हुकूम पाळला गेला की नाही, कॉइलमधून करंट गेला की नाही, हे त्याला कळत नाही. त्यासाठी वेगळा करंट सेन्सर बसवलेला असेल तर गोष्ट निराळी. हुकूम दिला आणि तापमान वाढले नाही, तर तो ई-१ म्हणतो. भट्ट्यांसाठी बनवलेल्या अनेक कंट्रोलरमध्ये ही मर्यादा ताशी १२ अंश फॅरनहाइटची, म्हणजे सुमारे साडेसहा अंश सेल्सिअसची असते. तापमान चढायला हवे अशा टप्प्यात ते याहून हळू चढू लागले, की कोड येतो.

आता ११४६ चेच का? भट्टीत जाणारी उष्णता आणि विटांतून, झाकणाच्या फटींतून बाहेर पडणारी उष्णता यांच्या फरकावर भट्टी चढते. ३०० अंशांना बाहेर पडणारी उष्णता इतकी थोडी असते की एक तृतीयांश शक्ती कमी असली तरी भट्टी कार्यक्रमाप्रमाणे चढत राहते आणि कोणाला काही कळत नाही. ११०० च्या पुढे मात्र गळती इतकी वाढते की उरलेली शक्ती केवळ आहे ते तापमान टिकवण्यापुरतीच पुरते. म्हणून ई-१ वरच्या तापमानाला आला, तर थर्मोकपलकडे नव्हे, तर शक्तीकडे आधी पाहावे. थर्मोकपलचा दोष बहुधा ४०० अंशांनाही दिसला असता. एवढा विचार मी थर्मोकपल विकत घेण्यापूर्वी केला असता, तर एका फेरीचे पैसे आणि वीज दोन्ही वाचली असती.

माझी भट्टी थ्री फेजची, ९ किलोवॅटची आहे. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये ३ किलोवॅटचा एक कॉइल-संच आहे. २३० व्होल्टला प्रत्येक संच १३ अँपिअर घेतो आणि त्याचा रोध सुमारे १७.६ ओहम येतो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका जुन्या यंत्रमाग कारखान्याचा मागचा भाग मी भाड्याने घेतला आहे. पुढच्या भागात टॉवेलचे सहा माग चालतात, आणि आमचा मुख्य बोर्ड एकच आहे. ही शेवटची गोष्ट मी त्या वेळी मुळीच विचारात घेतली नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी अण्णांना बोलावले. ते पूर्व भागातल्या निम्म्या कारखान्यांची वायरिंग बघतात आणि मराठी, तेलुगू, कन्नड या तिन्ही भाषांत शिव्या घालू शकतात. त्यांनी टेस्टर काढून तिन्ही फेजना लावला आणि तिन्ही ठिकाणी टेस्टरचा दिवा लागला.

“ताई, तिन्ही फेज हायत. सप्लाय ओके. तुमच्या कंट्रोलरमध्येच कायतरी झालंय.”

“अण्णा, ही दुपारची गोष्ट झाली. कोड रात्री येतो. रात्री नऊला याल का?”

ते आले. टेस्टर पुन्हा तिन्ही फेजना लागला. पण या वेळी मी नवी पेठेतून क्लॅम्प मीटर आणून ठेवला होता, आणि पॅनेलमध्ये जाणाऱ्या तारांभोवती तो एकेक करून लावल्यावर पहिल्या दोन तारांमध्ये १२.७ आणि १२.८ अँपिअर दिसले, तर तिसरीत फक्त साडेचार. त्या फेजचे न्यूट्रलशी व्होल्टेज मोजले, तेव्हा ते ८० च्या आसपास डुलत होते. अण्णा थोडा वेळ मीटरकडे पाहत राहिले आणि मग एकदम पुढच्या बाजूला मागांकडे निघाले.

झाले होते ते असे. मुख्य बोर्डावरच्या एका किटकॅटच्या, म्हणजे चिनी मातीच्या फ्यूजच्या, तांब्याच्या पट्टीवर कार्बन साचून तिची पकड ढिली झाली होती. दिवसा भार कमी असे, तेव्हा ती कशीबशी वीज वाहून नेई. सायंकाळी सगळे माग आणि माझी भट्टी एकदम ओढू लागली की ती पट्टी तापे आणि तो फेज तुटे. रात्री सगळे बंद होऊन निवले की सकाळी फेज पुन्हा हजर. मग टेस्टर का लागत होता? थ्री फेजची मोटार फिरत असताना एक फेज गेला, तरी ती उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते, घुमते, तापते, आणि फिरता फिरता तुटलेल्या फेजच्या तारेत स्वतःच थोडे व्होल्टेज निर्माण करते. समोरचे सहा माग माझ्या मेलेल्या फेजला असे उसने व्होल्टेज पुरवत होते. टेस्टरमधल्या निऑनला अगदी नगण्य करंट पुरतो, त्यामुळे ८० व्होल्टला काय आणि २३० व्होल्टला काय, तो सारखाच पेटतो. मागांच्या मोटारी हल्ली तापतात, अशी कुरकुर कारखान्याचे मालक आठवडाभर करत होते. त्यांची आणि माझी तक्रार एकच आहे, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नव्हते.

मेन स्विच पाडून, टेस्टरवर विश्वास न ठेवता मीटरने तिन्ही फेज शून्य असल्याची खात्री करून, अण्णांनी किटकॅट बदलला. त्या रात्री भट्टी १२२० ला पोहोचली. दोनदा अर्धवट तापून निवलेल्या ३६ वाट्यांपैकी ३१ देण्याजोग्या निघाल्या. उरलेल्या पाचांवर ग्लेझ आक्रसून मातीचे डाग उघडे पडले होते. त्यांतल्या दोन आजही माझ्याकडे स्क्रू ठेवायला वापरात आहेत.

हाच कोड साडेतीन वर्षांनी पुन्हा आला, तेव्हा तिन्ही तारांत करंट सारखाच होता, पण तिन्हींत कमी होता. क्लॅम्प मीटरवर ११.५, ११.४ आणि ११.६ अँपिअर असे आकडे होते. एखादा फेज गेला की एकाच तारेतला करंट घसरतो. तिन्ही घसरले, तर कॉइल म्हाताऱ्या झाल्या आहेत, व्होल्टेज पडले आहे, किंवा दोन्ही. भट्टी पूर्ण निवल्यावर, आयसोलेटर (भट्टीची वीज तोडणारा मुख्य स्विच) पाडून आणि कॉइलची टोके पॅनेलपासून सोडवून मी रोध मोजला. टोके न सोडवता मोजले, तर करंटाला दुसरी वाट मिळून आकडा खोटा येऊ शकतो. शिवाय मीटरच्या स्वतःच्या तारांचा दोन-तीन दशांश ओहमचा रोध वजा करावा लागतो; १७ ओहमच्या मोजणीत तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. नव्या असताना १७.६ ओहम असलेले संच आता सरासरी २०.१ ओहम दाखवत होते.

याचा अर्थ साध्या गणिताने काढता येतो. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. २३० व्होल्ट आणि १७.६ ओहमला ३ किलोवॅट. २३० व्होल्ट आणि २०.१ ओहमला २.६ किलोवॅट. आता उन्हाळ्यात, पंखे, कूलर आणि माग एकदम चालू असलेल्या सायंकाळी, आमच्या बोर्डावर व्होल्टेज २०५ पर्यंत उतरते. २०५ चा वर्ग भागिले २०.१ केले, की २.१ किलोवॅट उरतात. म्हणजे कॉइल थोड्या म्हाताऱ्या आणि व्होल्टेज थोडे कमी, अशा दोन किरकोळ गोष्टी एकत्र येऊन भट्टीची शक्ती तीस टक्क्यांनी घटली. व्होल्टेजचा वर्ग होतो, हे त्यातले मर्म आहे. व्होल्टेज दहा टक्के पडले, तर शक्ती एकोणीस टक्के पडते, आणि ‘थोडंसं लो व्होल्टेज आहे, चालतंय’ असे म्हणणाऱ्याला हे पटवून देणे अवघड जाते.

रोध मुळापासून दहा टक्क्यांनी वाढला की कॉइल बदलाव्यात, असा भट्टीवाल्यांचा संकेत आहे; माझा त्याही पलीकडे गेला होता. लोह, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ही तार, जिला बाजारात सरसकट कँथल म्हणतात, तापल्यावर स्वतःभोवती अॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर धरते. तो थर तारेचे रक्षण करतो, पण प्रत्येक फेरीत तडकून पुन्हा धरताना आतला धातू खातो, आणि तार आतून बारीक होत जाते. एकदा तापलेली ही तार थंडपणी ठिसूळ असते. खाचेतून बाहेर आलेली कॉइल पकडीने दाबून आत बसवण्याचा प्रयत्न मी एकदा केला आणि ती खडूसारखी मोडली. तिला हात लावायचाच, तर आधी वीज पूर्ण तोडून गॅसच्या ज्योतीने ती लाल करून घ्यावी लागते.

ज्या बिघाडाने माझे सर्वांत जास्त नुकसान केले, त्याला कोडच नव्हता. भट्टीच्या अंगाला चिकटलेली कंट्रोलरची पेटी फार तापते, म्हणून एका उन्हाळ्यात मी ती समोरच्या भिंतीवर हलवून घेतली. अण्णा गावाला गेले होते. दुसऱ्या एका वायरमनने थर्मोकपलची तार अपुरी पडते म्हणून तिला दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार जोडली, वर इन्सुलेशन टेप गुंडाळली, आणि काम अगदी नीटनेटके दिसत होते. पुढची फेरी सुरळीत पार पडली. कंट्रोलरने १२२० दाखवून भट्टी बंद केली. झाकण उघडले तेव्हा बाराही मगांवरचा ग्लेझ ओघळून शेल्फला चिकटला होता, आणि मी ठेवलेले ५, ६ आणि ७ क्रमांकाचे तिन्ही कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीसारख्या पदार्थाचे छोटे सुळके) सपाट झोपले होते. सहाचा वाकून सातचा जेमतेम कललेला असायला हवा होता.

कारण त्या आधी सांगितलेल्या भरीत होते. कंट्रोलर भर घालतो ती स्वतःच्या स्क्रूंच्या तापमानाची, कारण क्रोमेल आणि अॅल्युमेल तिथपर्यंत येतात असे तो गृहीत धरतो. तांब्याची तार लावल्यावर ते दोन धातू भट्टीच्या अंगावरच, जोडाच्या जागी संपले. तो जोड ७० अंशांना होता आणि भिंतीवरचा कंट्रोलर ३५ अंशांना. मधल्या ३५ अंशांचा हिशेब कोणीच धरला नाही. वरच्या तापमानाला ‘के’ थर्मोकपल अंशागणिक थोडे कमी व्होल्टेज देतो, त्यामुळे तिथे ही चूक ४० अंशांच्या जवळ जाते. कंट्रोलर १२२० म्हणत होता, तेव्हा भट्टी १२६० च्या घरात होती. त्याच्या दृष्टीने सगळे यथास्थित चालले असल्यामुळे तो कोड कशाचा देणार? थर्मोकपलला वाढीव तार जोडायची, तर ती त्याच प्रकारासाठीची कॉम्पेन्सेटिंग केबलच लागते. ती विद्युत साहित्याच्या साध्या दुकानात मिळत नाही. औद्योगिक उपकरणे विकणाऱ्यांकडे ‘के टाइप केबल’ म्हणून मागावी लागते. आणि प्रत्येक ग्लेझच्या फेरीत तीन कोन ठेवावेत. थर्मोकपल एका बिंदूचे तापमान सांगतो, पण तापमान आणि काळ यांचे मिळून मातीवर काय झाले, ते मातीसारख्याच पदार्थाचा कोन सांगतो. हर्मान सेगर यांनी बर्लिनमध्ये १८८६ च्या सुमारास हे कोन प्रचारात आणले, आणि एवढ्या वर्षांत त्यांना एकदाही बॅटरी किंवा कार्यक्रम लागलेला नाही.

ती केबल जोडताना आणखी एक घोटाळा होतो. तारा उलट लागल्या, तर भट्टी तापते तसा आकडा खाली उतरू लागतो, आणि काही कंट्रोलर त्यासाठी ई-६ दाखवतात. रंगांवर भरवसा ठेवू नये. अमेरिकन पद्धतीत ‘के’ची पिवळी तार धन आणि लाल ऋण असते, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. आपल्याकडच्या बाजारात दोन्ही सापडतात, आणि लाल म्हणजे धन ही सवय हातात भिनलेली असते. माझ्याकडे फ्रिजवरचे एक लोहचुंबक पॅनेलच्या दाराला चिकटवलेले आहे. थंड असताना अॅल्युमेलची, म्हणजे ऋण तार त्याला चिकटते आणि क्रोमेलची चिकटत नाही. मात्र केबल दोन्ही टोकांना उलटी लागली, तर आकडा वरच चढतो, कोड येत नाही, आणि चूक तांब्याच्या तारेच्या दुप्पट होते. तो अनुभव सुदैवाने मला आलेला नाही, पण तेव्हापासून मी चुंबक दोन्ही टोकांना लावून पाहते.

थर्मोकपल खरोखरच तुटला, तर ते ओळखणे त्या मानाने सोपे असते. कंट्रोलरप्रमाणे शब्द तेवढे बदलतात. कुठे ‘फेल’ येते, ऑटोनिक्सच्या कंट्रोलरवर ‘ओपन’, ओमरॉनच्या कंट्रोलरवर ‘एस ईआरआर’. अशा वेळी वीज बंद करून थर्मोकपलच्या दोन्ही तारा कंट्रोलरच्या मागून सोडवाव्यात आणि त्या दोन स्क्रूंमध्ये साध्या तारेचा एक तुकडा लावून कंट्रोलर पुन्हा चालू करावा. तो खोलीइतके तापमान दाखवू लागला, तर कंट्रोलर शाबूत आहे आणि दोष तारेत किंवा थर्मोकपलमध्ये आहे. तरीही ‘ओपन’च राहिले, तर कंट्रोलरचीच इनपुट बाजू गेली आहे. पाच मिनिटांची ही चाचणी होण्याआधी कंट्रोलर कुरिअरने दुरुस्तीला पाठवू नये. माझा एकदा पाठवून झाला आहे. ‘दोष आढळला नाही’ अशा चिठ्ठीसह आणि तपासणीच्या बिलासह तो परत आला. फसवतो तो थर्मोकपल वेगळाच, थंड असताना मीटरवर अखंड दिसणारा आणि ९०० अंशांना प्रसरण पावून उघडा पडणारा. अशा वेळी कोड वर येतो, भट्टी निवते, आणि तपासणीत सगळे ठीक निघते. जोडाच्या स्क्रूंवर गंज नाही आणि ते घट्ट आहेत, याची खात्री करूनही हे दोनदा झाले, तर मी आता थर्मोकपल न मोजताच बदलते. पहिल्या वेळी बदलला तसाच, पण आता कारण माहीत असते.

उन्हाळ्यातला एक प्रसंग मात्र धोक्याचा होता. मी रिलेच्या जागी सॉलिड स्टेट रिले (हलणारा भाग नसलेले इलेक्ट्रॉनिक रिले) बसवून घेतले होते, कारण जुन्या रिलेची टकटक ऐकून झोप लागत नसे. हे रिले आवाज करत नाहीत, पण करंट वाहताना प्रत्येक अँपिअरमागे एक ते दीड वॉट उष्णता स्वतः टाकतात. १३ अँपिअरचे तीन रिले म्हणजे बंद पेटीत पन्नासेक वॉटची शेगडीच. मे महिन्यात खोली ४२ अंशांवर, पेटी त्याहून वर, आणि बहुतेक कंट्रोलरसाठी भोवतालच्या हवेची मर्यादा ५० ते ५५ अंशांची असते. त्यात एक रिले गेला, आणि सॉलिड स्टेट रिले जातो तेव्हा बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. कंट्रोलरने तापमान ठरल्यापेक्षा फार वर गेल्याचा कोड दिला, आउटपुटचा दिवा विझवला, आणि कॉइल तशाच लाल जळत राहिल्या. हुकूम ऐकणारा बहिरा झाल्यावर कंट्रोलर करणार तरी काय? मी तिथे हजर होते म्हणून आयसोलेटर पाडता आला. त्यानंतर अण्णांकडून दोन बदल करून घेतले. रिलेंना मोठे हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे ठोकळे) आणि पेटीला पंखा बसला, आणि रिलेंच्या आधी एक कॉन्टॅक्टर आला, जो स्वतंत्र थर्मोकपलवर चालणाऱ्या वेगळ्या मर्यादा-कंट्रोलरच्या ताब्यात आहे. ही जास्तीची सोय भट्टी विकत घेतानाच मागून घ्यावी, असे मी आता प्रत्येकाला बजावते. कंट्रोलर बंद म्हणतो म्हणून कॉइलमध्ये वीज नाही असे समजून भट्टीत हात घालणे तर कधीच करू नये. अडकलेला रिले बाहेरून दिसत नाही.

‘पीएफ’ म्हणजे वीज गेली होती, एवढेच. आमच्याकडे तो कोड बिघाडात मोडत नाही, ऋतूत मोडतो. वळवाच्या पावसात तो हमखास येतो. बिस्कची, म्हणजे ग्लेझ देण्यापूर्वीच्या पहिल्या भाजणीची, फेरी असेल तर मी निवू देते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावते. ग्लेझ वितळू लागल्यानंतर वीज गेली असेल, तर आकडा किती उतरला ते पाहून शक्य तितक्या लवकर पुढे चालू करते. मात्र भट्टी ६०० च्या खाली गेली असेल, तर पुन्हा चढवताना घाई करत नाही, कारण ५७३ अंशांच्या आसपास मातीतले क्वार्ट्झ आपले आकारमान एकदम बदलते आणि घाईत भांडी तडकतात. आकडा क्षणोक्षणी वीस-तीस अंशांनी उड्या मारू लागला, तर थर्मोकपलची केबल कॉइलच्या जाड तारांबरोबर एकाच पट्टीतून नेलेली नाही ना आणि अर्थिंग शाबूत आहे ना, हे पाहावे. माझ्याकडे केबल वेगळ्या वाटेने नेल्यावर उड्या थांबल्या.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला आता एक तक्ता चिकटवला आहे. नव्या कॉइल बसवल्या त्या दिवसाचे तीन रोध (१७.५, १७.७ आणि १७.६ ओहम), पूर्ण भारावर तिन्ही तारांतले करंट, त्या वेळचे व्होल्टेज, आणि ५०० ते ६०० व ११०० ते १२०० हे दोन टप्पे चढायला लागलेली मिनिटे. दर महिन्याला एका फेरीत हेच आकडे पुन्हा लिहिते. गेल्या महिन्यात वरच्या टप्प्याला पूर्वीपेक्षा ११ मिनिटे अधिक लागली आणि मधल्या तारेतला करंट १२.१ वर आला होता, म्हणून कोड येण्याची वाट न पाहता अण्णांना निरोप धाडला. ते आले, खिशातला टेस्टर खिशातच ठेवला आणि म्हणाले, “ताई, तुमचं ते चिमट्याचं मीटर द्या आधी.” मधल्या फेजचा एक लग (तारेच्या टोकावर दाबून बसवलेले धातूचे टोपण) सैल होऊन काळा पडला होता, तो कापून नवा दाबला, आणि करंट पुन्हा १२.९ झाला.